एकट्याने दिल्ली गाठावी की संघटनेमागून?

पुण्यातल्या इथेनॉल कंपनीला हवामान धोरणावर रदबदली करायची तर दोन वाटा. दिल्लीच्या मंत्रालयात स्वतः गेली, तर उत्सर्जनाचा हिशेब ती नेमका मांडते; पण ‘आपलाच माल खपवतेय’ हा शिक्का लगेच बसतो. साखर कारखान्यांच्या संघटनेमागे ऊस उत्पादकांची मतं उभी असतात, आणि मतांचा आवाज दिल्लीला लांबूनही ऐकू येतो!

अडचण वेगळीच. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आलं तेव्हा दोघं खूश. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले. अशा वेळी कारखान्याकडे विकायला साखर तरी उरते; कंपनीकडे काय? काडीकचऱ्यापासूनच्या इथेनॉलसाठी तर कंपनीच्या जागी मी एकटंच जाईन.