'लीग बोलिंग' ब्राउझरमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एसएनके कंपनीचा 'लीग बोलिंग' हा १९९० सालचा, निओ जिओ आर्केड मशीनसाठी काढलेला गेम. बोलिंग म्हणजे क्रिकेटचं नव्हे, तर चेंडू घरंगळत सोडून समोरच्या दहा पिन्स पाडण्याचा खेळ. ब्राउझरमध्ये तो चालतो, रंग आणि आवाजही छान येतात. पण नुसतं 'चालतो' म्हणणं पुरेसं नाही, कारण या गेमची सगळी मदार वेळ साधण्यावर आहे. खेळाडूला डावी-उजवीकडे सरकवून उभं करायचं, मग बटण दाबून दोन मीटर, म्हणजे खूण सरकत राहणाऱ्या पट्ट्या, थांबवायचे: एक जोराचा, एक चेंडूच्या वळणाचा. मीटर कुठे थांबला यावर पिन्स पडणार की चेंडू गटरात, म्हणजे कडेच्या खोबणीत, जाणार हे ठरतं. त्यामुळे ब्राउझर, कीबोर्ड आणि स्क्रीन मिळून बटणाला किती उशीर लावतात, हाच खरा प्रश्न.

इतक्या महिन्यांत एक गोष्ट पक्की झाली: ठरावीक उशीर चालतो, डळमळता उशीर चालत नाही. बटण दाबल्यापासून मीटर थांबेपर्यंत तीन फ्रेम (स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं) जात असतील, तर तो साधारण ५० मिलिसेकंदांचा उशीर. हात आठवड्याभरात त्याला सरावतो आणि तेवढं आधी दाबायला शिकतो. पण एकदा दोन फ्रेम, एकदा पाच असं व्हायला लागलं की कितीही सराव केला तरी उपयोग नाही. म्हणून आधी हा डळमळीतपणा काढायचा, खेळ नंतर सुधारायचा.

तो येतो कुठून? लॅपटॉप बॅटरीवर असेल आणि ब्राउझरचा एनर्जी सेव्हर चालू असेल तर फ्रेमदर उतरतो. चार्जर लावा किंवा ती सेटिंग बंद करा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे ना, ते बघा. ते बंद असलं तर चित्र रंगवण्याचं कामही प्रोसेसरवर पडतं. व्हिडिओ चालू असलेले दुसरे टॅब बंद करा. टीव्हीला जोडून खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड लावलाच पाहिजे, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही स्वतःच बऱ्याच फ्रेम खातो. कान उघडे ठेवा. आवाज खरखरायला लागला, तुटायला लागला तर समजायचं की एम्युलेटर, म्हणजे ब्राउझरमध्ये जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, पूर्ण वेगाने चालत नाहीये. डोळ्यांना कळायच्या आधी ते कानांना कळतं.

एक दोष मात्र सेटिंगने जात नाही. निओ जिओ सेकंदाला ५९.१९ फ्रेम काढतो, आपली स्क्रीन बहुतेक वेळा ६०. हा फरक भरून काढायला साधारण दर सव्वा सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते. मीटरकडे टक लावून बघितलं की ती बारीकशी अडखळ जाणवते. सरकत्या खुणेच्या मागे डोळे पळवू नका. जिथे थांबवायचं त्या जागेवर नजर ठेवा आणि खूण तिथे येऊ द्या. १२० किंवा १४४ हर्ट्‌झची स्क्रीन असेल तर ही अडखळ कमी बोचते.

आता बटणं. मेम (MAME) या आर्केड गेमच्या एम्युलेटरवर चालणाऱ्या पानांवर नाणं टाकायला ५, सुरू करायला १ आणि पहिलं बटण म्हणजे डावं कंट्रोल. ब्राउझरसाठी ही रचना त्रासाचीच आहे. कंट्रोल दाबलेलं असताना १ किंवा ५ ला बोट लागलं की क्रोममध्ये सरळ दुसरा टॅब उघडतो. विंडोजवर कंट्रोलऐवजी शेजारचं ऑल्ट दाबलं गेलं आणि डावा बाण दाबलेला असेल, तर ब्राउझर मागच्या पानावर जातो आणि बोलिंगच्या नवव्या फ्रेमपर्यंत, म्हणजे दहापैकी नवव्या फेरीपर्यंत, आणलेला डाव गेला. मॅकवर कंट्रोल आणि बाण मिळून डेस्कटॉप बदलतात. उपाय दोन मिनिटांचा आहे: गेम चालू असताना टॅब ही की दाबा, मेनूत इनपुटची सेटिंग उघडा आणि पहिल्या बटणाला झेड किंवा एक्स द्या. तेवढ्यात एफ १० ला हात लावू नका. त्याने वेगावरचा लगाम सुटतो आणि मीटर भन्नाट पळायला लागतो. चुकून दाबलंच तर पुन्हा एकदा दाबा.

यूएसबी गेमपॅड असेल तर सगळ्यात उत्तम. ब्राउझरला तो लगेच दिसत नाही. पान उघडल्यावर पॅडचं एखादं बटण दाबलं की मगच ओळखतो. आवाज सुरू होत नसेल तर पानावर एकदा क्लिक करा, त्याशिवाय ब्राउझर आवाज सोडतच नाही. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, त्यामुळे आवाजाच्या ठेक्यावर बटण दाबायची सवय असेल तर वायरचा हेडफोन लावा. मोबाइलवर हा गेम खेळू नये असं स्पष्ट मत आहे. काचेवरच्या बटणाला उठाव नसतो, अंगठा जागेवरून घसरतो आणि वेळ चुकते.

खेळाबद्दल थोडं. चेंडू ८, १२ आणि १५ पौंडांचे. कोणताही घ्या, पण महिनाभर तोच ठेवा. उजव्या हाताने टाकत असाल तर चेंडू पहिल्या (सगळ्यात पुढच्या) आणि तिसऱ्या (तिच्यामागे उजवीकडच्या) पिनच्या मधल्या खाचेत गेला पाहिजे. पहिल्या पिनवर समोरासमोर आदळला की दोन्ही कडांच्या पिन्स उभ्या राहण्याची भीती असते. नेम चुकला तर मीटर बदलू नका, उभं राहण्याची जागा बदला. वळण आणि जोर तेच ठेवून एक पाऊल सरकलं की चेंडूची अख्खी वाट तेवढीच सरकते आणि चूक कुठे होती ते कळतं. तिन्ही एकदम बदललं तर काहीच कळत नाही.

सरावाला 'रेग्युलेशन' प्रकार घ्या. त्यात खऱ्या बोलिंगसारखेच गुण: स्ट्राइकला (पहिल्याच चेंडूत दहाही पिन्स पाडल्या तर) दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे, सलग बारा स्ट्राइक म्हणजे ३००. 'स्ट्राइक ९०' मध्ये स्ट्राइकला ९० आणि स्पेअरला (उरलेल्या पिन्स दुसऱ्या चेंडूत पाडल्या तर) ६०, तिथे पुढच्या चेंडूंचा हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही. 'फ्लॅश' मध्ये लुकलुकणाऱ्या आकड्यावर गुण ठरतात. मजा येते, पण नेम सुधारला का हे त्यातून कळत नाही.

शेवटची तक्रार स्कोअरची. बऱ्याच पानांवर प्रत्येक वेळी मशीन नव्याने सुरू होतं, त्यामुळे उच्चांकांची यादी टिकत नाही. जिथे डाव साठवता येतो तिथेही तो ब्राउझरच्याच साठ्यात असतो आणि साइट डेटा पुसला की जातो. स्टेट फाइल (डावाची त्या क्षणाची नोंद) उतरवून घेण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर स्कोअरचा स्क्रीनशॉट काढा. विकत घेऊन खेळायचं असेल तर हॅम्स्टर कंपनीच्या 'एसीए निओ जिओ' मालिकेत हा गेम अधिकृतपणे मिळतो. तिथे स्कोअरही टिकतो आणि टॅब बंद होण्याची धास्तीही नाही.