बदलीच्या गावी शाळा: जिल्हा परिषदेची की खासगी इंग्रजी?

धाकट्या जावेची बदली साताऱ्याजवळच्या गावात झाली आणि दुसरीतल्या लेकीला कुठे घालायचं यावर घरात रोज खल चालू आहे.

खर्चात तुलनाच नाही. जिल्हा परिषदेत फी नाही, पुस्तकं आणि दुपारचा आहार मोफत. खासगीत फीवर बस, गणवेश, वह्याही धरा.

प्रवेशाचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सरकारी शाळेला दाखला उशिरा आला म्हणून मूल अडवता येत नाही. खासगीत जागा शिल्लक हवी.

शिकवणं मात्र वर्गात बसूनच कळतं. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो तेव्हा पोरं चिंचोके मांडून हातच्याची वजाबाकी करत होती. मला फार आवडलं. दोन इयत्तांना एकच गुरुजी असतील तर विचार करा.

चार-पाच वर्षं तिथेच राहणार असाल तर जिल्हा परिषद. पुढची बदली परराज्यात होणार असेल तर सीबीएसईची खासगी शाळा.