वेब कॉन्फरन्स: ऐकायला जायचं की बोलायला?

फ्रंटएंडच्या, म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवण्याच्या कामात तीन-चार वर्षं मुरलात की हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. एखाद्या कॉन्फरन्सला जायचं आहे, पण रजा आणि पैसे दोन्ही बेताचेच. मग तिकीट काढून श्रोत्यांत बसायचं, की बोलायच्या विषयाचं प्रपोजल टाकून मंचावर जायचा प्रयत्न करायचा? आणि जायचं तरी कुठे? पुण्या-मुंबईतलं शनिवारचं मीटअप, गोव्यातली किंवा बेंगळुरूची मोठी कॉन्फरन्स, की थेट ॲम्स्टरडॅम? मी दोन्ही बाजूंनी जात आले आहे, मीटअपच्या आयोजनातही हात लावते, आणि माझं मत ठाम आहे: अनोळखी माणसांशी बोलणं ज्यांना जड जातं, त्यांनी तर बोलायलाच जावं.

उलटं वाटेल, पण तिकिटाच्या बदल्यात नेमकं काय मिळतं ते बघा. टॉक बहुतेक ठिकाणी रेकॉर्ड होतात आणि यूट्यूबवर फुकट येतात. रायन डालने ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड मांडलं ते नोव्हेंबर 2009 मध्ये, बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्टच्या कॉन्फरन्समध्ये. त्याच कॉन्फरन्समध्ये 2014 साली फिलिप रॉबर्ट्सने इव्हेंट लूप, म्हणजे जावास्क्रिप्ट कामं एकामागून एक कशी उरकते ते, इतका सोपा करून सांगितला, की आजही आपल्याकडे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री पोरं तोच व्हिडिओ लावतात. त्यासाठी कुणाला बर्लिनला जावं लागलं नाही. म्हणजे निव्वळ शिकण्यासाठी तिकिटाची गरज नाही. तिकिटाने मिळतात ती माणसं: आपण ज्या लायब्ररीशी (म्हणजे तयार कोडच्या संचाशी) महिनाभर झटापट केली ती सांभाळणारा माणूस, दुसऱ्या कंपनीत हेच दुखणं सोसणारा कुणी, पुढच्या नोकरीत कदाचित तुमचा इंटरव्ह्यू घेणारा कुणी.

आणि ही माणसं भेटतात चहाच्या सुट्टीत. तिथेच श्रोत्याची पंचाईत होते. सगळे आधीच आपापल्या घोळक्यात उभे असतात. तुम्ही कप घेऊन भिंतीशी जाता, फोन काढता, सुट्टी संपते. सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं ठेवणाऱ्या रीड द डॉक्स या साइटच्या एरिक होल्शरने यावर जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅक-मॅनचा नियम सुचवला होता: घोळक्यात उभं राहताना आणखी एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायची, पॅक-मॅनच्या उघड्या तोंडासारखी. चांगल्या कॉन्फरन्समध्ये सुरुवातीलाच हे सांगतात. तरी त्या मोकळ्या जागेत शिरायचं धाडस श्रोत्यालाच करावं लागतं. टॉक देऊन खाली उतरलेल्या माणसाला ते करावं लागत नाही. लोकच येतात, आणि विषयही त्यांच्याकडे तयार असतो: ‘तुम्ही म्हणालात तसं आमच्याकडेही झालं, पण…’ दोन मिनिटांत तुम्ही कामाच्या गप्पांत असता.

तरीही काही जणांनी ऐकायलाच जावं. जे क्षेत्रात नवे आहेत, त्यांना कुठल्या शब्दाला किती वजन आहे हे दोन दिवस कानावर पडल्यानेच कळतं. कंपनीत मोठा निर्णय व्हायचा आहे, एका फ्रेमवर्कवरून (साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी आहे त्यावरून) दुसऱ्यावर जायचं आहे, तर ते आधीच करून बसलेल्यांना गाठून खासगीत विचारता येतं. मंचावर न सांगितलेल्या अडचणी तिथेच कळतात. आणि कंपनी पैसे देत असेल तर विचार कसला करायचा, जा. फक्त चार सहकाऱ्यांबरोबर गेलात तर जेवायला एकाच टेबलावर बसू नका.

बोलण्याचा दुसरा फायदा माझ्या मते माणसं भेटण्याहूनही मोठा आहे. विषय मांडायचा ठरला की तो नीट समजून घ्यावाच लागतो. डॅन अब्रामोव्ह या प्रोग्रामरने 2015 साली पॅरिसच्या, वेबपानं बांधायच्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीवरच्या रिअ‍ॅक्ट युरोपसाठी हॉट रीलोडिंग (चालू ॲप न थांबवता कोड बदलणं) आणि टाइम ट्रॅव्हल (ॲपच्या मागच्या स्थितीत परत जाणं) या विषयाचं प्रपोजल दिलं, तेव्हा दाखवायचं ते अजून पुरतं तयारही नव्हतं. ते दाखवण्याच्या खटपटीतून रिडक्स ही ॲपमधला डेटा सांभाळणारी लायब्ररी निघाली. आपल्या हातून रिडक्स निघेल असं नाही, पण ‘हे असंच चालतं’ म्हणून वर्षभर डोळेझाक केलेला कोड टॉकच्या तयारीत पहिल्यांदा उघडला जातो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. किंमत आहे ती वेळेची. अर्ध्या तासाच्या टॉकमागे कित्येक शनिवार-रविवार जातात, आणि ते घरच्यांच्या वाट्याचे असतात. तेव्हा घरी आधी बोलून घ्या.

आता प्रपोजल, म्हणजे सीएफपीला (आयोजकांनी टॉकसाठी काढलेल्या आवाहनाला) पाठवायचा मजकूर. बहुतेक अर्ज इथेच बाद होतात. ‘रिअ‍ॅक्ट परफॉर्मन्स: सर्व काही’ असं शीर्षक आणि खाली मेमो, लेझी लोडिंग, कोड स्प्लिटिंग अशी वेग वाढवायच्या तंत्रांची यादी, असे अर्ज निवड समितीकडे ढिगाने येतात. तोच माणूस हे लिहू शकला असता: ‘आमच्या साइटवर शोधाच्या रकान्यात अक्षर टाइप केलं की ते उमटायला साध्या अँड्रॉइड फोनवर उशीर व्हायचा. मार्च 2024 मध्ये गूगलने कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पान किती चपळ आहे ते सांगणाऱ्या मापांत, एफआयडीच्या (पहिल्या क्लिकला होणाऱ्या उशिराच्या) जागी आयएनपी (क्लिक किंवा टाइप केल्यावर पान किती वेळात प्रतिसाद देतं ते) आणलं आणि आमचं पान एकदम लाल झालं. चांगल्याची मर्यादा 200 मिलिसेकंद, आम्ही तिच्या कितीतरी वर. दोष रिअ‍ॅक्टचा असेल असं वाटलं होतं, निघाला दर अक्षराला चालणाऱ्या, वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲनालिटिक्स स्क्रिप्टचा. तो कसा शोधला आणि मार्केटिंगच्या टीमला कसं पटवलं, ते सांगेन.’ यात तंत्रज्ञान पहिल्यापेक्षा कमीच आहे. पण हे दुसरं कुणीही सांगू शकणार नाही, आणि ऐकणाऱ्याला सोमवारी ऑफिसात जाऊन आपलं पान तपासावंसं वाटेल. बऱ्याच ठिकाणी पहिल्या फेरीत नाव झाकून निवड होते, त्यामुळे कंपनी लहान आहे, कॉलेज साधं आहे, याची भीती बाळगू नका.

ठिकाणांचं बोलायचं तर पहिला टॉक घराजवळच. पुण्या-मुंबईत गूगल डेव्हलपर ग्रुप आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्या फॉस युनायटेडची मीटअप होतात. एखाद्या कंपनीच्या ऑफिसात जागा मिळते, समोर ओळखीचे-अनोळखी पन्नासेक जण असतात, आणि अडखळलात तरी कुणी मनावर घेत नाही. मराठीत बोलायची इच्छा असेल तर आयोजकांना विचारा. पुण्यातल्या श्रोत्यांत हैदराबादची, कानपूरची मुलंही असतात, म्हणून बहुतेक वेळा हिंदी-इंग्रजीची सरमिसळ भाषाच चालते.

वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांसाठी वर्डकॅम्प या वर्डप्रेसच्या संमेलनाइतकी चांगली जागा नाही. 2006 साली सॅन फ्रान्सिस्कोला पहिला झाला, आता जगभर होतात. आयोजक स्वयंसेवक असतात, वक्त्यांना मानधन नसतं, आणि तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवतात. त्यामुळे इथे श्रोता आणि वक्ता यांच्या खर्चात फारसा फरक पडत नाही आणि निर्णय सोपा होतो: विषय असेल तर बोला. स्थानिक भाषेतल्या सत्रांना इथे मनापासून जागा देतात. आशियाचा मोठा वर्डकॅम्प 2023 ला बँकॉक, 2024 ला तैपेई, 2025 ला मनिला इथे झाला, आणि 2026 साठी मुंबईची निवड झाली.

गोव्यात 2019 मध्ये सुरू झालेली रिअ‍ॅक्ट इंडिया आणि बेंगळुरूत हॅसगीक या कॉन्फरन्स भरवणाऱ्या कंपनीने 2011 पासून चालवलेली जावास्क्रिप्टची जेएसफू, ही देशातल्या मोठ्या कॉन्फरन्सची दोन वेगळी वळणं. गोव्याला परदेशी वक्ते येतात, वातावरण मोकळं असतं, आणि पुण्याहून रात्रीच्या बसनेही जाता येतं. हॅसगीकची पद्धत मला फार आवडायची: प्रपोजल सगळ्यांसमोर उघडी असायची, त्यावर लोक प्रश्न विचारायचे, संपादनाच्या फेऱ्या व्हायच्या. निवड झाली नाही तरी विषय कुठे पातळ आहे ते कळायचं. देशातल्या कॉन्फरन्सला ऐकायला जाणार असाल तर हिशोबात तिकिटावरचा 18 टक्के जीएसटी आणि राहण्याचा खर्च आधीच धरा. पहिला अनुभव म्हणून श्रोता व्हायचं तर या पातळीवर व्हावं.

युरोपात मात्र फरक प्रचंड पडतो. श्रोता म्हणून गेलात तर विमान, हॉटेल, तिकीट, शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एका व्हिसाचे) 90 युरो, किमान 30,000 युरोंचं विमा संरक्षण, सगळं खिशातून. वक्ता म्हणून बोलावलं तर अनेक कॉन्फरन्स प्रवास आणि मुक्काम उचलतात, काही मानधनही देतात. पण ‘उचलतात’ म्हणजे काय ते लेखी विचारा. तिकीट तेच काढून देणार, की तुम्ही काढायचं आणि पैसे दोन महिन्यांनी येणार? इथल्या पगारात हा फरक लहान नाही. निमंत्रणपत्र तारखेसह लवकर मागा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, निर्णयाला एरवी 15 दिवस आणि क्वचित 45 दिवस लागतात, आणि उन्हाळ्यात केंद्रावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. ब्रसेल्सच्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्सला प्रवेश फुकट आहे, नावनोंदणीही लागत नाही, पण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथवर पोचण्याचा खर्च तुमचाच. स्वतःच्या पैशाने युरोपात फक्त ऐकायला जाऊ नका, असंच मी सांगेन. ते पैसे देशातल्या दोन-तीन कॉन्फरन्सना पुरतात.

ऑनलाइन टॉक देता येतो, व्हिसा लागत नाही, सराव म्हणून ठीक आहे. पण नंतरच्या गप्पा होत नाहीत, आणि आपण तर त्यासाठीच चाललो होतो.

कंपनीच्या कामावर बोलणार असाल तर मॅनेजरची परवानगी ईमेलवर घ्या, तीही प्रपोजल पाठवण्याआधी. निवड झाल्यावर कायदा विभागाने स्लाइड अडवल्या तर आयोजकांचा कार्यक्रम विस्कटतो आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव मागे पडतं. कॉन्फरन्समध्ये कसं वागायचं याची आचारसंहिता त्यांच्या साइटवर स्पष्ट छापलेली आहे ना, तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलंय ना, हेही बघा. विशेषतः एकट्या जाणाऱ्या मुलींनी. ती नसेल तर मी अर्जच करत नाही.

मंचावरच्या गोष्टी थोड्याच. कोड दाखवायच्या एडिटरची अक्षरं वाटतात त्याहून मोठी करा आणि थीम उजळ ठेवा, गडद पार्श्वभूमीवरचा करडा कोड प्रोजेक्टरवर दिसत नाही. डेमो नेट बंद करून चालवून बघा, हॉलचं वायफाय पाचशे लॅपटॉपपुढे टिकत नाही. एचडीएमआयचा ॲडॉप्टर स्वतःचा न्या.

मोठ्या कॉन्फरन्सकडून नकार येईल, बहुतेकांना पहिल्यांदा येतोच. तोच मजकूर त्याच दिवशी गावातल्या मीटअपच्या आयोजकांना पाठवा. पुढच्या महिन्याचा वक्ता त्यांना बहुधा अजून मिळालेला नसतो.