जुनं व्हायोलिन कागदावर: गिरवायचं की कर्कटकानं मांडायचं?

जुन्या व्हायोलिनचं ड्रॉइंग करायचं तर एकतर खऱ्या मापाच्या फोटोवरून कड गिरवायची, नाहीतर कर्कटक आणि पट्टी घेऊन आकार मुळापासून मांडायचा. माझ्या मते, समोर कोणाचं व्हायोलिन आहे यावर हे ठरतं.

इटलीतल्या जेनोवा शहरातलं ‘इल कानोने’ हे व्हायोलिन घ्या. ग्वार्नेरी देल जेझू या व्हायोलिन कारागिरानं 1743 मध्ये घडवलेलं. व्हायोलिनवादक पागानिनीनं ते मृत्युपत्रात शहराला दिलं. डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही, दोन्ही एफ-होलही (वरच्या पाटीवरची f आकाराची भोकं) सारखे नाहीत. अर्धा आकार काढून कागद दुमडून दुसरा छापलात, तर व्हायोलिन देखणं होईल, पण ते कानोने नसेल. ते गिरवलेलंच बरं.

फक्त फोटोवर डोळे झाकून विश्वास नको. वरची पाटी मध्ये फुगीर असते. कॅमेरा एक मीटरवर असेल, तर कडेपेक्षा 10 मिमी उंच असलेला भाग सुमारे 1 टक्का मोठा दिसतो. म्हणजे 70 मिमीच्या एफ-होलमध्ये 0.7 मिमीची चूक, आणि या कामात ती बरीच झाली. सीटी स्कॅन मिळाला तर प्रश्नच मिटला. पण तो मिळतो कुणाला?

स्त्रादिवारी या दुसऱ्या कारागिराच्या व्हायोलिनच्या बाबतीत मी आधी कर्कटक उचलतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातलं त्याचं ‘मेसाया’ (1716) फारसं वाजलेलं नाही, कडा झिजलेल्या नाहीत, त्यामुळे गिरवायला सोपं. पण गिरवून हाती येते ती बाहेरची कड, आणि ती तर त्याच्या कामात सगळ्यात शेवटी आली. सुरुवात आतल्या लाकडी साच्यापासून. साच्याभोवती जेमतेम 1 मिमी जाडीच्या बाजूपट्ट्या वाकवायच्या, मग पाटी त्यांच्याबाहेर दोन-अडीच मिमी ठेवायची. त्याचे साचे आणि कागदी आराखडे इटलीतल्या क्रेमोनाच्या म्युझेओ देल व्हिओलिनो या व्हायोलिन संग्रहालयात आहेत. कागदांवर कर्कटकाच्या टोकाची भोकंसुद्धा दिसतात. (साचेही लाकडाचेच, तीनशे वर्षांत तेही थोडे आक्रसले असणार. साच्याचं मापही ब्रह्मवाक्य नव्हे.)

गिरवणं एका संध्याकाळी उरकतं. कर्कटकानं मांडायला मला तीन रविवार लागले, त्यातला दीड कमरेच्या कोपऱ्यांवर गेला. दोन कंस जिथे भेटतात तिथे केसभर खांदा राहिला, तरी डोळ्याला खुपत राहतो.

दोन्हीसाठी कागद मात्र बघून घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात साधा ट्रेसिंग पेपर फुगतो आणि माप हलतं. पॉलिस्टर फिल्म तशी हलत नाही. कर्कटक रोवायच्या जागी आधी चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर चौथ्या कंसापर्यंत भोक मोठं होऊन केंद्रच सरकलेलं असतं.