टिळकवाडीतला मितीय विश्लेषणाचा वर्ग: तारेच्या गणितासाठी तरी जावंच

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, अशा मुलांसाठी बेळगावात टिळकवाडीतल्या एका क्लासने दोन रविवारांचा, रोज तीन तासांचा मितीय विश्लेषणाचा वर्ग ठेवलाय. म्हणजे भौतिक राशींच्या मिती (वस्तुमान, लांबी आणि काळ यांचे घात) जुळवून सूत्र काढायचं किंवा तपासायचं. बोलणं मराठीत, फळ्यावरच्या संज्ञा इंग्रजीत. खानापूर-निपाणीकडच्या मुलांना नेमकं हेच लागतं.

पहिला रविवार साध्या दोलकाचा. आवर्तकाळ वस्तुमान, लांबी आणि गुरुत्व त्वरण यांवर अवलंबून आहे असं धरायचं, तिघांना अ, ब, क असे घात द्यायचे आणि दोन्ही बाजूंच्या मिती जुळवायच्या. अ शून्य, क उणे अर्धा, म्हणून ब अर्धा. मग एक मीटरचा दोलक टांगून २० आंदोलनं मोजतात. सुमारे ४० सेकंद लागतात आणि स्थिरांक ६.२८ च्या आसपास, म्हणजे पायची दुप्पट निघतो. हा आकडा मितींतून कधीच मिळत नाही, तो मोजावा लागतो किंवा गतीच्या समीकरणातून काढावा लागतो. कुणी आंदोलनाचा विस्तारही यादीत घातला, तर समीकरणं तीन आणि अज्ञातं चार होऊन गाडं अडतं. तेही मुद्दाम करून दाखवतात, हे फार चांगलं.

पण खरी मेजवानी दुसऱ्या रविवारी, सोनोमीटरच्या, म्हणजे ताणलेल्या तारेची कंपनं मोजायच्या उपकरणाच्या, तारेची. वारंवारता काढताना 'एम' म्हणजे तारेचं एक मीटरमागचं वस्तुमान. निम्मी मुलं तिथं नुसती वस्तुमानाची मिती लिहितात. गंमत अशी की उत्तर तरीही मितीने बरोबर येतं: ताण भागिले (लांबी गुणिले वस्तुमान), सगळ्याचं वर्गमूळ. स्थिरांक सोडला तर हे सूत्र कंप पावणाऱ्या संपूर्ण तारेच्या वस्तुमानासाठी खरंही आहे. त्यात मीटरमागचा आकडा घातला की मात्र उत्तर चुकतं, आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. 'एम' कशाचा, हे आधी शब्दांत लिहायला लावणारा शिक्षक मिळणं मोलाचं आहे.

तक्रार एकच, पण मोठी. पद्धतीच्या मर्यादा शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतात. स्थिर त्वरणाने कापलेल्या अंतराच्या सूत्रात (s = ut + ½at²) दोन पदांची बेरीज आहे, ती या पद्धतीने तपासता येते, काढता येत नाही. साइन, लॉग असलेली सूत्रंही निघत नाहीत. ऊर्जा आणि टॉर्क (वस्तू फिरवणारा बलाचा परिणाम) यांची मिती एकच, तरी त्या दोन वेगळ्या राशी. कर्नाटकच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्राचे ६० प्रश्न ८० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथं चुकीचे पर्याय मितीवरून झटपट खोडायचे तर या मर्यादा पाठ हव्यात. त्यासाठी तिसरा रविवार द्यायला हवा.

जाण्याआधी घातांकांचे नियम घोटून जा, विशेषतः उणे आणि अपूर्णांकी घात. वर्गात ते शिकवत नाहीत.