६५ चौरस फुटांची बेडरूम, चौघांचं घर: तीन फेऱ्या मारून मग हो म्हटलं

शेअरिंगच्या घरातली एक बेडरूम मिळत होती. चार बेडरूमचं घर, तिघं आधीपासून राहतायत, चौथी खोली रिकामी झालेली आणि तीच नेमकी सगळ्यात लहान. हो म्हणायचं की नाही यात माझे पंधरा दिवस गेले, तेवढ्यात तीनदा जाऊन बघून आले आणि आता राहायला येऊन दोन महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितेय, कारण लहान खोलीत नेमकं काय बघायचं हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

आधी माप. जाहिरातीत १० बाय ८ लिहिलेलं आणि फोटोत तर खोली ऐसपैस दिसत होती, वाईड अँगलने काढले की कोपरे लांब जातात ना तसं. मी टेप घेऊन गेले आणि भिंतीच्या आतल्या बाजूने मोजलं तर ९ फूट ३ इंच बाय ७ फूट निघाली, म्हणजे जेमतेम ६५ चौरस फूट. आता हे लहान म्हणजे किती लहान? इंग्लंडमध्ये लायसन्स लागणाऱ्या शेअरिंगच्या घरांना ऑक्टोबर २०१८ पासून नियम आहे, एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला कमीत कमी ६.५१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट, आणि दोघांना १०.२२ चौरस मीटर. शिवाय जिथे छत दीड मीटरपेक्षा खाली येतं ती जागा त्यात धरतच नाहीत. तो नियम माझ्या घराला लागू नाही पण मोजायला काहीतरी हवं ना, आणि त्या हिशेबाने ही खोली एका माणसालाही ५ चौरस फूट कमीच. हे मी तिघांना तिथेच सांगितलं आणि ते बरं झालं, पुढे भाड्याचं बोलताना उपयोगी पडलं.

पण नुसत्या चौरस फुटांवर जाऊ नका, सामान कसं बसतं ते बघा. मी घरून जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे कापून नेले होते, एक सिंगल बेडच्या मापाचा सव्वासहा बाय तीन, एक कपाटाचा दोन फूट खोल, एक टेबलाचा, आणि ते जमिनीवर मांडले. बेड लांब भिंतीला लावला तर पायथ्याशी तीन फूट उरतात, तिथे कपाट बसतं, आणि बाजूला चार फुटांची पट्टी राहते. कागदावर हे छान वाटतं, पण दार आत उघडतं आणि अडीच फुटांचा घेर खातं, त्यामुळे टेबल मांडलं तर खुर्ची मागे सरकवायला जागाच नाही. बेडवर बसून टेबलावर काम करता येतं, अर्धा तास, दिवसभर नाही. हे तिथेच कळलं म्हणून मी माझं टेबल आणलंच नाही. नाहीतर आणून परत पाठवायला लागलं असतं.

दुसऱ्या फेरीला मी एक विनंती केली, विचित्र वाटेल पण कराच. म्हटलं मला खोलीत दार बंद करून दीड तास बसू द्या. संध्याकाळी सगळे घरी असतानाच गेले. मैत्रिणीकडून कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मागून नेला होता. बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, मी बसले तेव्हा खोलीत ६०० च्या आसपास होता आणि दार-खिडकी बंद ठेवल्यावर दीड तासात १७०० च्या वर गेला, डोकं जड वाटायला लागलेलं. मग खिडकी चार बोटं उघडली आणि दाराची फट ठेवली तर पंधरा मिनिटांत ९०० च्या खाली आला. खोली लहान म्हणजे हवाही थोडी आणि एकाच माणसाच्या श्वासाने ती लवकर कोंदते, साधी गोष्ट आहे, पण आपण दुपारी दार सताड उघडं असताना पाच मिनिटं उभं राहून खोली बघतो तेव्हा हे कळणार कसं? उघडणारी खिडकी नसेल तर माझ्या मते तिथेच नाही म्हणावं, बाकी काहीही चांगलं असलं तरी. आणि खिडकीला ग्रिल असेल तर ती उघडते का, किल्ली कुठे असते हे विचारा, कारण अशा खोलीला बाहेर पडायला दार एकच असतं.

त्या दीड तासात आवाजही कळला. एका भिंतीवर टकटक केलं तर भरीव, दुसरी पोकळ, म्हणजे पार्टिशन, आणि पलीकडे बाथरूमचा पाइप. कुणी फ्लश केला की भिंतीतून पाणी वाहिल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना झोपायच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या वर सतत आवाज नको म्हणते, आता ते मी मोजू शकत नव्हते, फोनमधल्या ॲपवर माझा भरवसा नाही. पण डोळे मिटून पडून बघितलं आणि ठरवलं की उशी पाइपाच्या भिंतीला नको. बेड फिरवला आणि पुष्कळ फरक पडला.

ओलीचं थोडक्यात सांगते. बाहेरच्या भिंतीला खालच्या कोपऱ्यात एकच ठिगळ ताज्या रंगाचं दिसलं, हात लावला तर गार आणि वास कुबट. विचारल्यावर ताईंनी (तिघांत त्याच मोठ्या, घर त्यांच्याच नावावर भाड्याने घेतलेलं) खरं सांगितलं की आधीचं कपाट भिंतीला अगदी चिकटून होतं आणि मागे बुरशी धरलेली. मी कपाट दोन-अडीच इंच पुढे ठेवलंय, अजून तरी डाग नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आधी राहणाऱ्या मुलीचा नंबर मी मागून घेतला आणि फोन केला. मला वाटलेलं खोली लहान म्हणूनच गेली असणार. ती म्हणाली, "खोलीचं काही नाही गं, मला घरात बसायला जागाच नव्हती." म्हणजे हॉल होता, सोफा होता, पण रोज संध्याकाळी टीव्ही एकाचा, टेबलावर दुसऱ्याचा पसारा, हिने विचारलं की सगळे चालेल चालेल म्हणायचे आणि प्रत्यक्षात ही बेडवर. वर्षभर जेवण, काम, फोन सगळं त्या बेडवरच. तिचं ऐकल्यावर माझा प्रश्नच बदलला. ६५ फुटांत मी राहीन का हे विचारणं सोडून दिलं, दाराबाहेरच्या घरात माझं किती हे विचारायला लागले.

म्हणून तिसरी फेरी फक्त बोलायला. ताई आणि दोघं दादा, सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं की रात्री नऊनंतर मी हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले तर चालेल का. ताई लगेच म्हणाल्या, "अगं बस की, विचारायचं काय त्यात." मी म्हटलं ताई, तसं नको, नक्की ठरवूया, कारण आधीच्या मुलीलाही हेच उत्तर मिळालेलं. जरा शांतता झाली. मला अवघडल्यासारखं झालं पण बोलले ते योग्यच केलं असं आजही वाटतं. शेवटी ठरलं की सोमवार ते शुक्रवार रात्री अकरापर्यंत टेबलाची खिडकीकडची बाजू माझी, मॅच असेल त्या दिवशी दादा हेडफोन लावणार, माळ्यावर माझ्या दोन बॅगा, फ्रिजमध्ये एक कप्पा आणि बाल्कनीत वाळत घालायला एक दोरी. ग्रुपवर लिहूनही टाकलं.

आणि भाडं. आधी चौघं समान भरायचे, १०० तले २५-२५. मी एक हिशेब मांडला तो कुणालाही वापरता येईल. भाड्याचा अर्धा भाग हॉल, किचन, बाथरूमचा धरायचा, तो सगळे सारखाच वापरतात म्हणून प्रत्येकी साडेबारा. उरलेला अर्धा खोल्यांच्या मापाप्रमाणे. खोल्या १५०, १२०, १२० आणि ६५, एकूण ४५५. त्यात माझा वाटा ५० पैकी ७ च्या थोडा वर येतो, म्हणजे सगळं मिळून साधारण २० टक्के. मोठ्या खोलीवाल्या दादांचे मात्र २५ चे २९ झाले आणि त्यांना ते पटेना, त्यांचंही चूक नव्हतं, ते चार वर्षं तिथे राहतायत आणि अचानक नवीन मुलगी येऊन हिशेब सांगते. दोन दिवसांनी त्यांनीच ताईंची टेप घेऊन आपली खोली मोजली आणि हो म्हणाले. मला या घराबद्दल विश्वास वाटला तो त्या हो मुळे.

कागदपत्रांचं एवढंच, करारात माझं नाव घालून घेतलं, डिपॉझिट कुणाकडे जमा आहे ते लिहून घेतलं आणि निघताना किती दिवस आधी सांगायचं तेही. एकत्र करार असेल आणि एकजण भाडं न भरता गेला तर बाकीच्यांवर येऊ शकतं, ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

दोन महिन्यांनी कसं वाटतंय? झोप चांगली लागते, आवरायला दहा मिनिटं पुरतात, नको ते विकत घेणं आपोआप बंद झालंय. त्रास झाला तो तापात, तीन दिवस त्या खोलीत पडून काढले आणि भिंती अंगावर येतात म्हणजे काय ते तेव्हा समजलं, ताईंनी दुसऱ्या दिवशी सोफ्यावर गादी घातली म्हणून निभावलं. आई आली तर तिला झोपायला जागा नाही याचं वाईट वाटतं. फोनवर खाजगी काही बोलायचं तर मी खाली जाऊन फेऱ्या मारत बोलते, पार्टिशनमधून सगळं ऐकू जातं.

घरून काम करणाऱ्यांना मी ही खोली नको म्हणेन, दिवसभर ऑफिसला जाऊन रात्री झोपायला येणाऱ्यांना चालेल, ते सुद्धा हॉल खरंच मोकळा मिळत असेल तरच. मी पाचपैकी साडेतीन देतेय, दीड कापला त्यातला एक पार्टिशनचा आणि अर्धा खिडकीच्या कडीचा, ती नीट लागत नाही आणि घरमालकांना दोनदा सांगूनही माणूस आलेला नाही. तोवर कागदाची घडी खोचून ठेवलीय. पावसाळ्याआधी दुरुस्त झाली तर इथेच अपडेट टाकेन.