व्हीआरएसचा फॉर्म भरावा की अठ्ठावन्न पुरी करावीत?

विक्रोळी, कुर्ला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा फोर्टातल्या एखाद्या जुन्या ऑफिसात तीस वर्षं एकाच कंपनीत काढलेल्या माणसापुढे हा प्रश्न बहुतेक वेळा अचानक येतो. नोटीस लागते, व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना ठरावीक मुदतीपुरती खुली असते आणि कँटीनमध्ये एकच चर्चा सुरू होते: किती मिळणार? हा आकडा कंपनी स्वतःहून देते. काय बंद होणार, ते मात्र ज्याचं त्याला मांडावं लागतं.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. वय 54, सप्टेंबर 1996 ला रुजू, ऑगस्ट 2026 मध्ये 30 वर्षं पूर्ण. बेसिक आणि डीए मिळून 52,000, एकूण पगार 75,000. कंपनीत निवृत्तीचं वय 58. व्हीआरएसची रक्कम 18 लाख. पगारवाढ दोन्हीकडे धरलेली नाही.

| | 54 ला व्हीआरएस | 58 पूर्ण |
|---|---|---|
| व्हीआरएस, कर वजा जाता | सुमारे 16.75 लाख | – |
| 48 महिन्यांचा पगार | – | 36 लाख |
| ग्रॅच्युइटी | 9 लाख | 10.20 लाख |
| कंपनीचा पीएफ हिस्सा, 4 वर्षांचा | – | सुमारे 2.40 लाख |
| ईपीएस (पीएफशी जोडलेली) पेन्शन, 58 पासून दरमहा | सुमारे 4,240 | सुमारे 5,100 |

पेन्शन बाजूला ठेवली तरी फरक जवळपास 23 लाखांचा आहे, म्हणजे महिन्याला साडेसत्तेचाळीस हजार. व्हीआरएसची रक्कम आणि लवकर हाती आलेली ग्रॅच्युइटी 7 टक्क्यांनी गुंतवली, तर त्यातले 15 हजार व्याजातून सुटतात. उरले साधारण 33 हजार. बाहेर पडल्यावर चार वर्षं दरमहा एवढी दुसरी कमाई होणार असेल, तर दोन्ही पारडी सारखी. तेवढ्या पगाराचं नेमणूकपत्र हातात नसेल, तर ती नोकरी हिशेबात धरू नका. शिवाय व्हीआरएसवरची करसवलत मिळवायची तर त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत रुजू होता येत नाही.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे: शेवटचं बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. शेवटच्या वर्षी सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल, तर ते पूर्ण वर्ष धरतात. खासगी नोकरीत 20 लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त. शेवटचा पगार सगळ्या वर्षांना लागतो, हे नीट पाहा. पुढच्या करारात बेसिक 5,200 ने वाढलं, तर 34 वर्षांच्या सेवेवर ग्रॅच्युइटी एकदम 1,02,000 ने वाढते. वेतनकरार तोंडावर असताना घाईने फॉर्म भरणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

व्हीआरएसच्या रकमेतले 5 लाखच करमुक्त, तेही आयुष्यात एकदाच. उरलेले 13 लाख त्या वर्षीच्या पगारात मिळवले जातात. म्हणून कोणत्या महिन्यात बाहेर पडता याला मोल आहे. ऑगस्टअखेर निघालात तर पाच महिन्यांचा पगार 3.75 लाख, त्यात 13 लाख, 75 हजारांची प्रमाणित वजावट. करपात्र 16 लाख. 2025-26 च्या नव्या करप्रणालीच्या दरांनी कर सेससह 1,24,800. 31 मार्चला निघालात तर करपात्र 21.25 लाख आणि कर 2,40,500. वर्षभराच्या 9 लाख पगारावर एरवी काहीच कर लागला नसता, म्हणजे हा सगळा भार व्हीआरएसच्या रकमेमुळेच. बाहेर पडण्याची तारीख निवडायची मुभा असेल, तर एप्रिलपासूनचे सुरुवातीचे महिने धरा.

पेन्शनबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पीएफच्या पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो. त्यात जून 2001 ते ऑगस्ट 2014 दरमहा 541 आणि त्यानंतर 1,250 दिसतात, कारण कमाल पगार आधी 6,500 आणि मग 15,000 धरला गेला. तुमचं बेसिक 52,000 असलं तरी पेन्शन या मर्यादांवरच निघते (वाढीव पगारावर पेन्शनचा पर्याय मंजूर झालेले वेगळे). सूत्र असं: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. आपल्या उदाहरणात ऑगस्ट 2014 पर्यंतचे 6,500 गुणिले 18 भागिले 70, अधिक त्यानंतरचे 15,000 गुणिले 12 भागिले 70. बेरीज 4,243. सेवा 58 पर्यंत गेली की दुसऱ्या तुकड्यात 12 ऐवजी 16 वर्षं येतात आणि आकडा 5,100 होतो. पेन्शनपात्र सेवा 20 वर्षं झालेल्यांना 58 व्या वर्षी सेवेत आणखी 2 वर्षांची भर मिळते. ती इथे धरलेली नाही.

पन्नाशीनंतर नोकरी सुटली की पेन्शन लगेच सुरू करता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, तितके वर्षाला 4 टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची. 54 ला सुरू केली तर 4,243 चे सुमारे 3,600 होतात. दोन वर्षांची भरही जाते. घरात दुसरी आवक असेल तर थांबा. घर चालवायला तेवढेच पैसे हवे असतील, तर घेण्यात चूक नाही: ईपीएसला महागाई भत्ता नाही, आज मिळणारा रुपया उद्याच्यापेक्षा मोठा.

याच कारणाने 58 नंतर कंपनीने मुदतवाढ दिली तरी पेन्शन 60 पर्यंत लांबवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लांबवल्यास वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे 5,100 चे सुमारे 5,516. त्यासाठी 24 महिन्यांचे 1,22,400 सोडायचे आणि दरमहा 416 ने ते भरून निघायला साडेचोवीस वर्षं लागायची. नोकरी चालू असतानाही 58 ला पेन्शन घेता येते. त्यानंतर कंपनीचा पूर्ण 12 टक्के हिस्सा पीएफमध्ये जायला हवा. पगारखात्याने चुकून 1,250 पेन्शनमध्ये टाकणं चालूच ठेवलं, तर पेन्शनचा अर्ज, म्हणजे फॉर्म 10-डी, अडकतो. अठ्ठावन्नाव्या वाढदिवसानंतरची पगारचिठ्ठी आणि पासबुक ताडून पाहाच.

पैसे ठेवायचे कुठे, यातही वय आडवं येतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजना (2025-26 मध्ये 8.2 टक्के, कमाल 30 लाख) एरवी साठीनंतरची. पण 55 पूर्ण केलेल्या निवृत्तांना, व्हीआरएसवाल्यांनाही, निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. 54 ला बाहेर पडणाऱ्याला साठीपर्यंत ती दारं बंद. पंचावन्न व्हायला काही महिनेच उरले असतील, तर योजनेची शेवटची तारीख आणि आपली जन्मतारीख शेजारी ठेवून बघा. तोवर टपाल खात्याची मासिक उत्पन्न योजना आहे. एका नावावर 9 लाख ठेवले तर 7.4 टक्क्यांनी दरमहा 5,550. पीएफ न काढता ठेवला तर त्यावर व्याज मिळतं, मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. ईएसआयचे (राज्य कामगार विमा योजनेचे) विमेदार असताना निवृत्त झालेल्यांना वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सोय चालू ठेवता येते. ही सोय अनेक जण माहीत नसल्यामुळे सोडून देतात. कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत असाल, तर खोली सोडायची तारीख लेखी घ्या. मुंबईत चार वर्षांचं घरभाडं व्हीआरएसचा मोठा वाटा गिळतं आणि वरच्या तक्त्यात ते नाही.

हे सगळं 58 च्या बाजूने झुकतं, पण एका अटीवर: कंपनी चार वर्षं टिकली पाहिजे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणगावातल्या कित्येक घरांत हक्काच्या पैशांची वाट पाहण्यात वर्षं गेली. म्हणून आधी तपासा: पीएफ दरमहा जमा होतो का, ग्रॅच्युइटीचा पैसा एलआयसीच्या गटयोजनेत किंवा ट्रस्टमध्ये वेगळा ठेवलेला आहे का, पगार मागेपुढे होतो का. यातलं एकही उत्तर डळमळीत असेल, किंवा कारखाना चाकणला, गुजरातला हलण्याच्या गोष्टी चालल्या असतील, तर व्हीआरएस घ्या. मधुमेह, गुडघे यांनी लोकलचा प्रवास अशक्य झाला असेल, तरीही घ्या. एमटीएनएलच्या 2019 च्या योजनेत झालेल्या प्रत्येक वर्षाला 35 आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला 25 दिवसांचा पगार होता. तुमच्या योजनेत उरलेल्या वर्षांना किती मोजलंय, ते या मापाने पाहता येईल.

फॉर्मवर सही करण्याआधी तीन कागद काढा. पहिला, सेवेचा तपशील: यूएएन (पीएफचा कायमचा खातेक्रमांक) 2014 मध्ये आले, त्यामुळे आधीची वर्षं पोर्टलवर दिसत नसतील, तर जुना पीएफ नंबर जोडून घ्या. दुसरा, बिनपगारी दिवसांची नोंद, कारण संप, टाळेबंदी आणि बिनपगारी रजेचे दिवस पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. तिसरा, आधार, पॅन आणि पीएफमधलं नाव व जन्मतारीख; लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे दावे इथेच परत येतात. ही दुरुस्ती कंपनीच्या मंजुरीने होते आणि तुम्ही हजेरीपटावर असेपर्यंत ती सहज मिळते. पतपेढीचं उरलेलं कर्ज फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशेबातून, एकरकमी कापलं जाईल. तो आकडाही लेखी मागा.